मचव्याचे धास्तावलेले मालक

नवी गाडी घेणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं. तो बसतो, बटण दाबतो आणि पोचतो. संपलं! आमचं तसं नाही. आमच्याकडे जी गाडी आहे तिची कंपनीच जगातून उठून गेलीय. त्यामुळे घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत काहीतरी सांगण्यासारखं होतंच. आणि एकाचं सांगून होईस्तोवर दुसऱ्याचं घडलेलं असतं. सुट्ट्यांत लांबची मंडळीही रियाधला आली आणि शुक्रवारी बत्ह्याच्या बाजारात हसनभाईंच्या दुकानात चहाला जमलो की आधी कोण बोलणार यावरूनच भांडणं!

कंपनीचं नाव लिहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण जरा जपून बोलतो, तसंच समजा. गाडी अमेरिकन, लांबलचक. पुढे सोफ्यासारखी अखंड सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, इंजिन आठ सिलिंडरचं, आणि एसी असा की रियाधच्या जुलैत मागच्या सीटवर बसणाऱ्याला शाल लागते. स्पीडब्रेकर आला की ती आधी नाक वर करते, मग खाली, मग परत वर. हसनभाई श्रीवर्धनचे. पहिल्यांदा बसले तेव्हाच म्हणाले, "ही गाडी नाय, मचवा हाय मचवा! भरतीला लागलाय!" मचवा म्हणजे कोकणातली शिडाची मोठी होडी. तेव्हापासून आमच्या चारही गाड्यांचं नाव मचवा.

चार गाड्या, चार घरं. हसनभाई आणि जुलेखाभाभी, यांचं बत्ह्यात ब्लँकेटांचं आणि प्रवासी बॅगांचं दुकान. जेद्दाहपलीकडे राबिघच्या रिफायनरीत इंजिनिअर असलेले रेगेकाका, एकटा जीव. हाइलजवळच्या डेअरी फार्मवर जनावरांचे डॉक्टर असलेले शिरीष पाटील आणि त्यांची वैशाली. आणि आम्ही, म्हणजे बँकेच्या आयटीत काम करणारा माझा नवरा सुहास, मुलगी तन्वी आणि मी मेधा. मी एका क्लिनिकचे अकाउंट्स बघते आणि मचवा चालवते. होय, मीच चालवते. सुहासला चालवताना घाम फुटतो.

* * *

रेगेकाका सांगतात, अमेरिकेत या कंपनीची गाडी कोण घ्यायचा? तर ज्याचं प्रमोशन झालंय पण जो अजून साहेब झाला नाही, तो! स्वस्त गाडी नको आणि महागडी परवडत नाही, अशा मधल्या माणसासाठी काढलेली कंपनी. बरीच दशकं चालली. पुढे ती मधली माणसंही दुसरीकडे वळली आणि मालकांनी एक दिवस कंपनीच मिटवून टाकली. इकडे गल्फमध्ये मात्र लोकांचा जीव होता तिच्यावर. मोठं कुटुंब मावतं, वाळवंटात तापत नाही, एसी फ्रीजसारखा. आणखी काय पाहिजे?

कंपनी मिटली ही बातमी हसनभाईंना जशी कळली तशी कुणालाच कळली नसेल. त्यांनी सकाळी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी आणायला गेले तर शोरूमसमोर क्रेन उभी, आणि क्रेनच्या टोकाला कंपनीचा भलामोठा बोर्ड लटकतोय! आतल्या नव्या गाड्या नाहीशा. काचेवर कागद चिकटवलेले.

सकाळी किल्ली या लोकांच्या हातात दिलेली. आता मागायची कुणाकडे? ते वाकून क्रेनच्या खालूनच आत धावले. वरून ड्रायव्हर ओरडतोय, यांना ऐकू कुठलं येतंय! आत काउंटरवर रोजचा फिलिपिनो पोरगा शांतपणे खोके भरत होता.

"माय कार? व्हेअर इज माय कार?"

त्याने ड्रॉवरमधून किल्ली काढून यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "कार रेडी, सर. कंपनी फिनिश."

* * *

आमच्याकडे मचवा आला तो सुहासच्या एका साहेबांकडून. ते कायमचे भारतात परत निघाले होते. गाडी आणली त्या दिवशी बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये मी हळदकुंकू वाहिलं. सुहास आजूबाजूला बघत उभा. नारळ फोडायची वेळ आली तर म्हणे, "इथं नको गं. आवाज घुमेल. हारिस येईल. काय चाललंय विचारेल. घरी जाऊन फोडू." हारिस म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. बरं, म्हटलं.

दोन आठवड्यांनी आवाज सुरू झाला. वळणावर गडगडगड आणि मग ठक्. ब्रेक मारला की ठक्. सुहासची झोप उडाली. त्याने इंटरनेटवर वाचून काढलं की हा डिफरन्शियलचा आवाज आहे, आणि डिफरन्शियल गेलं तर मागची चाकं हायवेवरच जाम होतात. मग रोज ऑफिसला जाताना हा पठ्ठ्या एसी बंद करून, काचा लावून, कान देऊन बसायचा. जून महिना! घामाने शर्ट पिळून निघायचा. "ऐकलंस? ऐकलंस ना?" मी म्हणायचे, ऐकलं. "वाढलाय ना?" मी म्हणायचे, तेवढाच आहे. "तुला कळत नाही, वाढलाय."

एका मेकॅनिकने सांगितलं गिअरबॉक्स. दुसऱ्याने सांगितलं इंजिन खाली उतरवावं लागेल. सुहासचं जेवण कमी झालं. शेवटी हसनभाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका मुरलेल्या मेकॅनिककडे, उस्तादकडे नेलं. उस्तादने जॅक काढायला म्हणून डिकी उघडली. या गाड्यांची डिकी म्हणजे विहीर. तो कमरेपर्यंत आत वाकला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नारळ. हळदकुंकवासकट!

हसनभाई गॅरेजच्या पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले. सुहासही हसला, अगदी मोकळा हसला. मला वाटलं, सुटलो.

घरी निघालो. एसी चालू, काचा बंद, रिंग रोड मोकळा. मचवा कसा अलगद चाललेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सुहास डॅशबोर्डला कान लावून बसलेला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मेधा, आता काहीच आवाज येत नाहीये गं. काहीतरी बंद पडलंय का?"

* * *

इन्शुरन्सचंही असंच. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. विना इन्शुरन्स गाडी रस्त्यावर आली की इथले कॅमेरे सोडत नाहीत, म्हणून सुहास आधीच अर्धमेला. इन्शुरन्स कंपनीच्या वेबसाइटवर गाड्यांच्या नावांमध्ये आमच्या गाडीचं नावच नाही! गेल्या वर्षी होतं, या वर्षी गायब. ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसूनच त्याने त्यांना फोन लावला. मी शेजारी.

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, अशी गाडी नसते."

"नसते कशी? आहे!"

"सर, मी सिस्टीममध्ये बघतेय. अशी कुठलीही गाडी नाही."

"अहो मॅडम, मी तिच्यातच बसून बोलतोय!"

मग आणखी गोड आवाजात, "सर, तुमच्याबरोबर आत्ता कोणी आहे का?"

* * *

रेगेकाका कधी घाबरत नाहीत. रिफायनरीत आयुष्य गेलं त्यांचं. म्हणतात, "जिथे आम्ही उभे असतो तिथे घाबरायला परवानगी नसते." पण त्यांनाही मचव्याने घाबरवलंच.

गाडीची वार्षिक तपासणी, इथे तिला फहस म्हणतात, जवळ आलेली आणि मागचा डावा दिवा फुटलेला. नवा मिळणार कुठून? कंपनीच नाही. मग जावं लागतं तशलीहला. तशलीह म्हणजे भंगारात निघालेल्या गाड्यांचा बाजार. मैलच्या मैल मेलेल्या गाड्या आणि मधून फिरणारी माणसं. रेगेकाका जेद्दाहच्या तशलीहमध्ये गेले, एका यार्डाच्या फाटकाशी गाडी लावली आणि आत शिरले.

ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका. एका यार्डात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात एक मचवा दिसला. काका धावत गेले. त्याला मागची बाजूच नव्हती! चौथ्यात कुणीतरी सांगितलं, "पहिल्या यार्डात जा, तिथे आत्ताच एक आलीय." काका परत पहिल्या यार्डाकडे. आता त्यांच्या मनात एकच भीती, आपल्याआधी दुसरं कुणी तो दिवा नेऊ नये!

फाटकापाशी खरंच एक मचवा उभा होता. विटांवर. चारही चाकं काढलेली, एक दार खाली ठेवलेलं, आणि दोन माणसं मागच्या बाजूला स्क्रू फिरवत बसलेली. काका खूश! जवळ गेले. रंग तोच. मग नंबरप्लेट दिसली. मग मागच्या काचेतून सीटवर ठेवलेला त्यांचा स्वतःचा डबा दिसला.

काका सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो. इकामा, म्हणजे इथलं राहण्याचं ओळखपत्र, गाडीत, पाकीट गाडीत, राबिघ इतकं लांब, आणि गाडी विटांवर!

स्क्रू फिरवणाऱ्यांतल्या एकाने मान वर करून पाहिलं. गिऱ्हाईक आलंय असं वाटून त्याने हातातला दिवा कापडाने पुसला, काकांच्या पुढे धरला आणि म्हणाला, "लाइट चाहिए, सर? लेफ्ट वाली टूटी है, पर राइट वाली एकदम फ्रेश! अभी अभी निकाली!"

* * *

तन्वीच्या बारावीच्या बोर्डाचा पहिला पेपर. सुहास नेमका ट्रेनिंगला जेद्दाहमध्ये. सकाळी उठून बघते तर खिडकीबाहेर सगळं केशरी. धुळीचं वादळ! समोरची बिल्डिंग दिसेना.

तन्वी म्हणाली, "मम्मा, टॅक्सी बुला लो." टॅक्सीचं अ‍ॅप नुसतंच गोल फिरत राहिलं. म्हटलं, चल, मचवा आहे ना.

रिंग रोडवर दिवे लावून मुंगीच्या गतीने निघालो. मधेच इंजिनने दोनदा उचकी दिली आणि गप्प झालं. कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवते, नुसती कुरकुर. बाहेर धूळ गाडीवर सपासप आपटतेय आणि आत तन्वी पुढच्या सीटवर हॉल तिकीट घट्ट धरून बसलेली. रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं. म्हणाली, "आई, इट्स ओके. नेक्स्ट इयर देईन." एरवी ही मला मम्मा म्हणते. आई म्हणाली की समजायचं, आतून पार हललीय.

मी दार उघडून बाहेर उभी राहिले आणि ओढणी हलवायला लागले. गाड्या दिसायच्या आतच निघून जात होत्या. मग एक पिकअप पुढे जाऊन थांबली आणि रिव्हर्स घेत आली. आत एक पन्नाशीचा सौदी माणूस आणि शेजारी त्याची म्हातारी आई, पूर्ण काळ्यात, नुसते डोळे दिसणारी. तो उतरला, आणि माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे बघत राहिला. बॉनेटवरून हात फिरवला.

"माय फादर! सेम कार! सेम!" त्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती की पाणी होतं, कळलं नाही.

मी म्हटलं, "एक्झाम! माय डॉटर, एक्झाम!"

"एक्झाम? यल्ला, यल्ला!" त्याने चला-चला करत मागून दोर काढला. तन्वीला पिकअपमध्ये बसव म्हणून त्याची आई खुणा करत होती. तन्वीही उतरून माझ्याजवळ आली होती, तिने माझा हात सोडला नाही. म्हातारीने मान हलवली, जणू म्हणाली, कळलं मला. मग एका पिशवीतून खजुरांचा डबा काढून खिडकीतून तन्वीच्या हातात दिला.

बंद गाडी ओढून नेणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक दाबायला दोन्ही पाय लागतात. समोर धूळ, धुळीत त्या पिकअपचे दोन लाल ठिपके, आणि ते भडकले की मी सगळी ताकद लावून ब्रेकवर उभी! शाळेच्या गेटमधून आत गेलो तेव्हा घंटा व्हायची होती. तन्वी दार उघडून जी पळाली ती मागे न बघता.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. तो माणूस दोर सोडवत होता. मी उतरून शुक्रन, शुक्रन म्हणत राहिले. आभार मानायचा तेवढाच अरबी शब्द मला येत होता. त्याने दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली, परत एकदा बॉनेट थोपटलं आणि अगदी मनापासून मला म्हणाला, "नो वरी, सिस्टर. दिस कार, नेव्हर स्टॉप!"

* * *

आता हाइलचं. वैशालीचे दिवस भरत आले होते. फार्मवरून हाइलचं हॉस्पिटल तासाभराच्या रस्त्यावर. शिरीषने सगळी तयारी केलेली, बॅग भरलेली, फोन नंबर भिंतीवर चिकटवलेले. त्यांच्या मचव्याचं एकच दुखणं, पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरा की रिकामी करा, काटा अर्ध्यावरच! म्हणून शिरीष मनात हिशोब ठेवायचा. आणि ज्या सकाळी वैशालीच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी हिशोब कुणाला आठवणार?

थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना गव्हासाठी नांगरलेली मोकळी जमीन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मचव्याने आचका दिला आणि थांबला. काटा अर्ध्यावर!

शिरीषने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. निघाली म्हणाले. वैशाली पुढच्या सीटवर आडवी. ती सीट अखंड, त्यामुळे माणूस सरळ झोपू शकतो. दहा मिनिटं गेली. कळांमधलं अंतर कमी व्हायला लागलं. शिरीष पुढे पन्नास पावलं धावत जाऊन रस्ता बघायचा आणि परत धावत यायचा. या माणसाने आजवर शेकडो वासरं बाहेर काढलीत. पण आता त्याला एकही आठवेना.

शेवटी त्याने ठरवलं, आपल्यालाच काहीतरी करावं लागणार. डिकीतून कामाची पेटी काढली, पाण्याने हात धुतले आणि हातमोजे चढवले. हे हातमोजे म्हणजे गाईंसाठी वापरतात ते, खांद्यापर्यंत येणारे!

वैशाली कोल्हापूरची. तिने डोळे उघडले, त्याला बघितलं आणि त्या अवस्थेत अशी ओरडली की शेतातली पाखरं उडाली. "अहो! ते काढा आधी! मी काय म्हैस हाय व्हय?"

तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला. पण स्ट्रेचरवर घ्यायलाही वेळ उरला नव्हता. केरळच्या एका सिस्टरने तिथेच, त्या पुढच्या सीटवर, बाळंतपण केलं. मुलगी! रडली, आणि तिच्यामागोमाग शिरीष रडला.

हॉस्पिटलमध्ये सगळं नीट झाल्यावर त्याने सांगलीला आईला फोन लावला. "आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हो, हो, रडली. दूधही प्यायली." मग काळजीने म्हणाला, "पण अजून उभी नाही राहिली गं."

* * *

शेवटचा किस्सा हसनभाईंचा. ते हल्ली स्वतःच सांगतात, चहाचे घोट घेत, हातवारे करत. म्हणजे तेही बरे आहेत आणि त्यांचं हृदयही. जुलेखाभाभी मात्र हा विषय निघाला की उठून आत जातात.

दोघं मदिनेहून रियाधला परत येत होते. दुपारची वेळ, सरळ हायवे, दोन्हीकडे नुसती वाळू. हसनभाईंना छातीत दाबल्यासारखं झालं. वाटलं, गॅस असेल. मग डावा हात जड झाला. त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "जुलेखा, मला बरं नाय वाटत."

भाभींनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. इथे बायकांना परवानगी मिळाली तेव्हा मीच मागे लागले होते, चला माझ्याबरोबर, लायसन्स काढू. त्या म्हणाल्या होत्या, "मला गो काय करायचंय? हे हायत ना!"

त्यांनी हसनभाईंचा चेहरा बघितला. घामाने डबडबलेला, ओठ पांढरे. फोन केला तर अ‍ॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागणार. भाभी उतरल्या, पलीकडून येऊन दार उघडलं आणि म्हणाल्या, "सरका." हसनभाई त्या लांब सीटवरून घसरत घसरत पलीकडे गेले. भाभी स्टिअरिंगसमोर बसल्या. बुरख्याची बाही वर केली.

"काय करतेस?" हसनभाई पुटपुटले.

"तुम्ही नुसतं सांगा. मोठं पेडल कसलं?"

"ब्रेक."

"बारकं?"

"जुलेखा..."

"बारकं कसलं ते सांगा!"

त्यानंतरचं हसनभाईंना तुटक आठवतं. मचवा एकदा डाव्या लेनमध्ये, एकदा उजव्या. मागून ट्रकचे हॉर्न. भाभी मोठ्याने कुराणातली आयत म्हणत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "जागे हाव ना? बोला माझ्याशी! बोला म्हणते ना!" मग शेजारून पोलिसांची गाडी. लाउडस्पीकरवर अरबीत काहीतरी. भाभींना थांबायचं नव्हतं. त्यांनी एक हात सोडून शेजारी कलंडलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. पोलिसाने वाकून बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याची गाडी पुढे झाली. सायरन लावून रस्ता करत. त्याच्या मागोमाग त्या पुढच्या गावच्या छोट्या हॉस्पिटलपर्यंत गेल्या. इमर्जन्सीच्या दारासमोरच्या कट्ट्याला पुढचं चाक धडकलं तेव्हा मचवा थांबला. हसनभाई नेहमी करायचे तसा भाभींनी गिअरचा दांडा वर ढकलला. लोकांनी हसनभाईंना उचलून आत नेलं आणि दार बंद झालं.

मग भाभींनी आम्हाला फोन केला. आम्ही घरात जेवायला बसत होतो. सुहासने फोन स्पीकरवर टाकला. भाभी सगळं सांगत होत्या, एकही हुंदका न देता. आतमध्ये डॉक्टर आहेत, मशीन लावलंय, काही सांगत नाहीत, दाराबाहेर उभी आहे. सुहास म्हणाला, "भाभी, आम्ही निघतोच. तुम्ही बसून घ्या. पाणी प्या." तोपर्यंत तो चपला शोधत होता आणि त्याच्या हातून किल्ली दोनदा खाली पडली.

मागून कुणा माणसाचा हिंदी आवाज येत होता. "अम्मा, गाडी बंद करो. कब से चालू है."

सुहास थांबला. "भाभी, गाडी कुठाय?"

"ही काय, समोर. दारात."

"आणि चालूच आहे? इतका वेळ?"

"हां. चालूच हाय."

"भाभी, त्या माणसाला सांगा, किल्ली गाडीतच असेल. त्याला बंद करू दे."

पलीकडून इंजिनची घरघर ऐकू येत होती. मग भाभी म्हणाल्या, "नको भाऊ. चालू राहू दे. एकदा का बंद पडली, तर परत चालू व्हईल का नाय, कोणी सांगावं?"